शिवबाईची जट

सोलापूर, ९ मार्च २०२५

दादा,

जयभीम. 'सप्रेम' लिहीत नाही, कारण सध्या माझ्याकडे ते शिल्लक नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, संस्थेच्या ग्रुपमधून मला काढलंस, आणि मेल पाठवला तर तो तुझ्याआधी तुझ्या ऑफिसातली चैताली वाचते. म्हणून पोस्टाने पाठवतेय. पाकिटावर 'बुद्धप्रिया' मुद्दाम मोठ्या अक्षरात घातलंय. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

शिवबाई माझ्याकडे आहे. हो, तीच. तुझ्या पुण्याच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या जिचा हसरा फोटो दिसतो आणि फोटोखाली काचेच्या पेटीत जिची जट ठेवलेली आहे, ती. चैतालीने त्या पेटीचा फोटो मला कौतुकाने पाठवला होता. मी जेवत होते, ताट सरकवून उठले. एका म्हाताऱ्या बाईचे केस, उवांच्या लिखांसकट, काचेत, आणि खाली पाटी: 'पन्नास वर्षांची गुलामी'. तिथे येणारे पाहुणे त्या पेटीजवळ उभे राहून चहा पितात म्हणे. तुला कशी रे किळस आली नाही?

पुण्यात गेल्यापासून तुझी आठवण सोयीची झाली आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. जानेवारीत आपण शहरातल्या बेघरांचा सर्व्हे करत होतो. शिवबाई मंगळवारी आणि शुक्रवारी एल्लम्माची परडी घेऊन बाजारात जोगवा मागायची आणि रात्री एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर झोपायची. बाकीचे दिवस मैंदर्गीला, भावाच्या घरी. भाऊ गेलेला, आता तिथे भाचा सिद्धलिंग आणि त्याची बायको दानेश्वरी. म्हणजे तिला घर होतं. मी तुला तसं सांगितलंही. तू म्हणालास, "रस्त्यावर झोपते ना? मग बेघर." झालं, भरला तिचा फॉर्म.

मग आपली ती समाधानाची पट्टी. शून्यापासून दहापर्यंत. आयुष्यात किती समाधान आहे ते बोट ठेवून दाखवायचं. बाकीचे लोक दोनावर, तिनावर बोट ठेवत होते आणि आपल्याला तेच हवं होतं. या बाईने पट्टीच्या पार शेवटी बोट ठेवलं. "मला काय कमी हाय? जाईन तितं बाया पाया पडत्यात. घरात पयली भाकर मला." तू माझ्या कागदावर वाकून पाहिलंस आणि म्हणालास, "हे तिचं उत्तर नाही, हे अंधश्रद्धेचं उत्तर आहे. जट काढायच्या शिबिरानंतर परत विचार." एखाद्याचं सुख आपल्या अंदाजात बसलं नाही की ते खोडायचं, हे संशोधन मी तुझ्याकडूनच शिकले.

तिची मान दुखत होती, हे मी नाकारत नाही. जट कंबरेच्या खाली आली होती. ओली झाली की तिला मान उचलवत नसे. डॉक्टर म्हणाले काढा, तेही बरोबरच. तू तीन दिवस तिच्याशेजारी बसलास, 'आक्का, आक्का' करत. तिने एकच प्रश्न विचारला होता, "काडल्यावर मला कोण बगंल?" आणि तू तिचा हात हातात घेऊन म्हणालास, "आम्ही आहोत की, आक्का." तुझा आवाज तेव्हा खरा होता. मला वाटतं, तुझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. केस कापल्यावर तिने मान इकडून तिकडे वळवून पाहिली आणि हसली. ते हसूही खरं होतं. सगळंच खोटं असतं तर मी एवढी चिडले नसते.

पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू गाडीत बसून पुण्याला गेला होतास. तिला संस्थेच्या जीपमधून मैंदर्गीला सोडलं. सिद्धलिंगला शाल, नारळ, फोटो. 'कुटुंबात पुनर्मिलन'. जी बाई दर आठवड्याला आपल्या पायांनी घरी जात होती तिचं पुनर्मिलन! आणि मग तुझा व्हिडिओ आला. हातमोजे घातलेला हात जट उचलतो, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकतो आणि लोक टाळ्या वाजवतात. सलूनपासून पिठाच्या गिरणीपर्यंत मैंदर्गीत सगळ्यांनी तो पाहिला. चारच दिवसांत सिद्धलिंग तिला सोलापूरच्या स्टँडवर घेऊन आला. बाकावर बसवलं, चहा पाजला, तिकीट काढून येतो म्हणाला आणि गेला. संध्याकाळी मला दिसेपर्यंत ती तिथेच बसून होती.

बेघरांच्या निवाऱ्याच्या मॅनेजरने तिला घेतलं नाही. नातेवाईक आहेत, पत्ता आहे, पुनर्मिलनाचा फोटोसुद्धा आहे. मोजताना बेघर, ठेवताना घरची. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पोस्टमन बिचारा सज्जन आहे.

आता कामाचं. सिद्धलिंगला मी फोन केला. तो म्हणतो, "जट कचऱ्यात टाकली, आमच्या दारावर खापर फुटंल. जट आणा, नदीत सोडू, देवीला निवद करू. मग आत्तीला आणा की." म्हणून दोनच गोष्टी मागते. व्हिडिओ काढून टाक. आणि ती जट नीट कापडात गुंडाळून माझ्याकडे पाठव.

बुद्धप्रिया

सोलापूर, २७ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं असं म्हणायची सोय नाही, चैतालीचं आलं. संस्थेच्या लेटरहेडवर. 'सदर नमुना हा जनजागृती साहित्याचा भाग असल्याने परत करता येणार नाही. तसे केल्यास अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल. लाभार्थी महिलेस वृद्धाश्रमाच्या प्रतीक्षायादीत समाविष्ट करण्यात येत आहे.'

नमुना! ती दीड खोलीत माझ्यासमोर बसून मिश्री लावतेय आणि तिचे केस नमुना. हे असलं मराठी तू कधीपासून बोलायला लागलास? कोर्टात कारकुनी करून बाबांनीसुद्धा घरी कधी 'सदर' वापरलं नव्हतं.

बाबांचा दाखला तू देणार हे मला माहीत आहे, म्हणून मीच देते. आपल्या घरात देव्हारा नव्हता. अंगात येणाऱ्या बाईसमोर बाबा हात बांधून उभे राहायचे आणि प्रश्न विचारायचे. मी त्याच घरातली आहे. शिवबाईची परडी माझ्या कपाटाशेजारी ठेवलेली आहे आणि सकाळी डोळे उघडले की तिच्यातलं कुंकू बघून मी तोंड फिरवते. एल्लम्माच्या नावाने आपल्याच बायांचं काय काय झालं ते तू मला शिकवू नकोस. पण बाबांनी कुणाचं काही काढून घेतल्यावर त्याच्यासमोर कॅमेरा नव्हता लावला.

आणि घरी काय चाललंय तेही ऐक, म्हणजे मी देवी झाले असं तुला वाटायला नको. मला तिचा वैताग येतो. ती मोरीत थुंकते. पंखा लावू देत नाही. भाजीत तिखट कमी आहे म्हणून रोज ऐकवते. मी दवाखान्यात केसपेपर काढायचं काम धरलंय, दिवसभर उभी असते, आणि घरी आलं की ही दाराकडे तोंड करून बसलेली. जेव म्हटलं की कन्नडमध्ये "बेड, बेड", नको, नको. परवा मी ओरडले तिच्यावर. ती शांतपणे म्हणाली, "तुजं बी बरोबर हाय, लेकी. हितं मी पावनी हाय. पावनीनं किती खावं? मला माज्या बापाच्या घरला सोड. तितं मी मालकिणीसारकी ऱ्हात हुते."

गेल्या शुक्रवारी ती परडी घेऊन बाजारात गेली होती. मी अडवलं नाही. दुपारीच परत आली. पूर्वी ज्या बाया पदर सावरून, वाकून परडीत धान्य घालायच्या, त्यांनी तिच्याकडे न बघता नाणं टाकलं. एका पोराने तिचा व्हिडिओ तिलाच दाखवला. "आजी, हे तुमीच का?" म्हणून. ती म्हणाली, "न्हाय, माजी भन हाय ती."

वृद्धाश्रमाची यादी तुझ्यापाशीच राहू दे. जट पाठव.

बुद्धप्रिया

सोलापूर, १८ मे

दादा,

काल मी शिवबाईला घेऊन मैंदर्गीला गेले होते. जट नाही तर नाही, माणूस तर आहे, असा विचार करून. अक्कलकोटला एसटी बदलली. शिवबाई खिडकीशी बसून सगळ्यांची शेतं ओळखून दाखवत होती. किती दिवसांनी तिचं तोंड उघडलं होतं.

सिद्धलिंग आम्हाला बघून मागच्या दाराने मेंढरांकडे निघून गेला. एवढा मोठा बाप्या, मागच्या दाराने! पुढे आली ती दानेश्वरी. पाणी दिलं, पण तांब्या शिवबाईच्या हातात न देता खाली ठेवला. गोठ्याशेजारची शिवबाईची खोली मी पाहिली. तिथे आता कडबा आहे आणि वर सोलार दिव्याची बॅटरी. शिवबाई त्या दारात उभी राहिली आणि कडब्याला हात लावून परत आली.

मी माझं शिकलेलं सगळं बोलले. ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, मालमत्तेतला वाटा, माणुसकी. दानेश्वरीने ऐकून घेतलं. ती आपल्याला वाटते तशी दुष्ट नाही. मलाही ती दुष्ट असती तर बरं वाटलं असतं. पदराने तोंड पुसून ती म्हणाली:

"ताई, मी लगीन हून आले तवा सासूनं सांगितलं, हिला दुकवू नगं, देवी हाय. सासू भिऊन करीत हुती, मी बी भिऊनच केलं. तिचं हागणं-मुतणं काडलं आजारपणात, देवीचं म्हणून काडलं. माज्या सोताच्या आईचं काडाया मला कुणी सोडलं न्हाय. आता तुमी म्हंता देवी न्हवतीच. बरं, न्हवती. मग ही माजी कोण? नवऱ्याची आत्ती. नवरा मागल्या दारानं पळतोय आन मी करू? तुमी भ्या काडून नेलं. त्याच्या जागी काय ठिवलं? माया मी कुटनं आणू?"

दादा, मी उठले आणि चपला घातल्या. तू असतास तर तुला उत्तर आलं असतं, तुझ्याकडे स्लाइडी असतात. परतीच्या गाडीत मला सगळ्यांची किळस येत होती. मागल्या दाराने पळणाऱ्या त्या बाप्याची. भीतीशिवाय म्हाताऱ्या बाईला भाकरी न देणाऱ्या आपल्या लोकांची. ती भीती पिशवीत भरून नेणाऱ्या तुझी. शाल-नारळाच्या फोटोत मागे उभी राहून हसणाऱ्या माझीसुद्धा. एक सांगते, दानेश्वरीची मात्र आली नाही.

शिवबाई मला म्हणाली, "रडू नगंस. तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर पाणी बी दिलं नसतं."

प्रिया

सोलापूर, ३ ऑगस्ट

दादा,

तुमच्या अहवालाला दिल्लीत पारितोषिक मिळाल्याचं पेपरात वाचलं. फोटोत तुझ्यामागे पेटी दिसतेय. म्हणजे दिल्लीपर्यंत नेलीस. अभिनंदन करत नाही.

व्हिडिओ अजून तसाच आहे. तो काढ किंवा राहू दे, मी आता मागणार नाही. जटही नको. ठेव तुझ्याकडे.

शिवबाईच्या केसांचा बॉबकट झालाय. शेजारच्या पोरी तिला चिडवतात. ती परवा माझ्याशी खूप वेळ बोलली आणि शेवटी तिने माझ्याकडे एक काम मागितलं. पहिल्यांदा मी नाही म्हटलं, ताडकन उठून बाहेर गेले. मग परत आत आले. काय काम ते तुला सांगणार नाही. सांगितलं तर तू बाबांचं नाव घेशील आणि मला ते सहन होणार नाही.

प्रिया

सोलापूर, २१ नोव्हेंबर

दादा,

सांगणार नव्हते, पण सांगावं लागतंय. चैतालीचा निरोप आला की पुढच्या महिन्यात तुमची माणसं पाठपुराव्यासाठी मैंदर्गीला जाणार आहेत. ती तिथे काय बघतील ते तू आधी माझ्याकडून ऐक.

शिवबाई तिच्या घरी आहे. तिच्या खोलीतला कडबा निघाला. पहिली भाकरी तिला मिळते. आणि तिच्या डोक्यावर जट आहे.

ती मी केली. या हातांनी.

ऑगस्टमध्ये शिवबाईने तेच मागितलं होतं. वडाचा चीक आणून दे आणि माझ्या केसांना चोळ, म्हणाली. मी तिला म्हटलं, "आज्जी, मग ते देवीचं कसं होईल? खोटंच की." त्यावर ती जे बोलली ते ती तुझ्याजवळ कधी बोलली नव्हती, कारण तू तिला ते विचारलंच नव्हतंस. तू फक्त 'जट कधी आली?' एवढंच विचारलं होतंस. कशी आली, हे आपल्या प्रश्नांत नव्हतं.

"नवऱ्यानं टाकली तवा मी कवळी हुते. म्हायारला आले. भाऊ चांगला हुता पर भावजय म्हनली, ही हितं ऱ्हाणार आसंल तर मी जाते. भाऊ म्हनला, दुसरा दाल्ला बगतो, लगीन लावून दितो, म्हातारा हाय पर खाऊन-पिऊन सुकी हाय. माजी आई ऐकत हुती. दुसऱ्या दिशी रानातनं वडाचा चीक घिऊन आली. न्हाणीत बसवून माज्या केसाला चोळला. रोज चोळायची. म्हनायची, गप ऱ्हा, कुणाला बोलू नगं. मग एक दिस सोताच बोंबलत भाईर गेली, माज्या पोरीला जट आली, एल्लम्मा आली! भाऊ पाया पडला, भावजय पाया पडली. आईनं मला घर करून दिलं, लेकी. तिच्याकडं दुसरं काय हुतं?"

तिला सगळं माहीत होतं, दादा. पहिल्या दिवसापासून. आपण तिची अंधश्रद्धा मोजत होतो आणि त्या घरात श्रद्धा नसलेली ती एकटीच होती. मी तिला विचारलं, मग तू जट काढू कशी दिलीस? तर म्हणाली, मान लई दुखत होती, आणि तो पोरगा आम्ही आहोत म्हणाला.

मी चीक आणला. पान तोडलं की देठातून पांढरा येतो, वाटीत धरायचा. दवाखान्यातून आल्यावर मी तिच्या मागे बसायचे आणि बट बट धरून चोळायचे. त्याचा तो वास, बोटांना बोटं चिकटणं, त्यात धूळ आणि हळद. मी कितीदा मध्येच उठून हात धुतले. बाबांचा फोटो समोरच्या भिंतीवर. मी तो उलटा केला नाही, काढलाही नाही. बघू दे म्हटलं. शिवबाई डोळे मिटून बसायची आणि कधीकधी झोप लागायची तिला. इतक्या महिन्यांत माझ्या घरात ती पहिल्यांदा नीट जेवायला लागली ती तेव्हापासून.

दिवाळी झाल्यावर तिला घेऊन गेले. शुक्रवार होता. दानेश्वरी दारात आली, शिवबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि वाड्यातल्या बाया जमल्या. दानेश्वरीने जटेला हात लावला. मग माझ्या हातांकडे पाहिलं. चीक वाळला की बोटांवर तपकिरी डाग पडतात, ते काही केल्या निघत नव्हते. तिने पाहिलं, नीट पाहिलं. मला वाटलं, संपलं आता. आणि दादा, ती बाई सगळ्या वाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "उधो उधो! आई परत आली गं माजी!" आणि शिवबाईच्या पायावर पडली. सिद्धलिंग पुढच्या दाराने आला. त्याने आत्तीच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा मला हसू आलं नाही, शिसारी आली. रक्ताच्या आत्तीला स्टँडवर सोडून देणारा हा माणूस, केसांच्या गुंत्याची रडत माफी मागत होता.

नंतर चुलीपाशी दानेश्वरी माझ्या कानाशी लागली. "गोडंतेल लावा ताई, पाण्यानं निगत न्हाय ते." मी तिला विचारलं, तुम्ही का केलंत? भाकरी उलटत म्हणाली, "तुमी गेल्यावर मला बी झोप येईना की. पर नुसतं आणून ठिवली आसती तर ह्येनी ठिवू दिली नसती. ह्यास्नी भ्या लागतंय."

म्हणजे माया होती तिच्यात. तिला फक्त आडोसा लागत होता. हे तुझ्या पट्टीवर कुठे बसतं ते तूच बघ.

आता तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. हे पत्र वाचून तू तुझी माणसं कात्री घेऊन पाठवू शकतोस. नवी जट, नवा व्हिडिओ, पहिल्यापेक्षा जास्त चालेल, कारण यात सुशिक्षित बाई दोषी आहे. माझी कबुली तुझ्या हातात लेखी आहे. किंवा तू मैंदर्गीचं नाव यादीतून काढू शकतोस. मी विनवणी करत नाही, तुला विनवणी करण्याएवढं मन माझं अजून साफ झालेलं नाही. पण शिवबाई सत्तरीच्या पुढे आहे. तिला आता तिसऱ्यांदा घर करून देणारं कुणी नाही.

एकच गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येईना. त्या दिवशी निघताना वाड्यातल्या बायांनी मला घेरलं. एक म्हातारी, चष्म्याला दोरा बांधलेली, माझा हात धरून म्हणाली, "तुमी बामणा-देवाचं न मानणारी माणसं. तुमी खोटं बोलत न्हाय. तुमीच सांगा बाई, ही आपसूक आली का? देवीच आली का खरंच?" सिद्धलिंग उंबऱ्यावर उभा होता. शिवबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती आपली परडी पुसत होती.

बाबांच्या मुलीने सांगितलं, हो, देवीच आली.

तुझी बहीण,
प्रिया